गुरुवारचं कुलूप

शर्वरी मगदूमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध डेअऱ्यांत चालायचं. एका गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी होती आणि नेमका त्याच दिवशी आलेला बातमीदार तिथल्या तिच्या ऑफिसच्या दाराचं कुलूप बघून परत फिरला. शुक्रवारी पेपरात पहिल्या पानावर छापून आलं, ‘डेअरीचं सॉफ्टवेअर बंद, कंपनीनं गाशा गुंडाळला!’

झालं! डेअऱ्या एकामागून एक सोडून चालल्या. सॉफ्टवेअर धडधडीत चालू होतं आणि शर्वरी फोनवर ‘अहो, आम्ही आहोत’ म्हणून गयावया करत होती. पण लोकांचा विश्वास छापलेल्यावर.

शेवटी तिनं संपादक नरहरराव गलगल्यांची केबिन गाठली. मान वर न करताच ते म्हणाले, "आमच्याकडे खुलासे छापायची पद्धत नाही."

"मग निधनाची जाहिरात तरी घ्या." तिनं कागद पुढे सरकवला. वर कंपनीचं नाव होतं, खाली ‘शोकाकुल: सर्व कर्मचारी’.

नरहरराव खेकसले, "मयताच्या दाखल्याशिवाय आम्ही कुणाचं निधन छापत नाही. उद्या माणूस जिवंत निघाला तर?"

"मग शुक्रवारी आम्हाला पहिल्या पानावर मारलंत, तेव्हा कुणाचा दाखला बघितला होतात?"

गलगल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उद्या खुलासा छापतो," ते पुटपुटले.

तेवढ्यात शर्वरीचा फोन वाजला. उरलेल्या एकुलत्या एक डेअरीनंही त्यांचं सॉफ्टवेअर सोडल्याचा मेसेज होता. तिनं फोन तसाच त्यांच्यापुढे धरला.

"खुलासा राहू द्या, साहेब. हा घ्या दाखला. आता जाहिरात छापा."