विद्याधरचं वल्हं

"म्हणजे मोडायचंच?"

"मोडायचंच," जानू तांडेल म्हणाला. "माणूस गेला की त्याचं वल्हं मोडायचं आणि ओहोटीला द्यायचं. या नदीवर असंच चालतं."

कुमुदने वल्हं छातीशी आणखी घट्ट धरलं.

अकरा वर्षं तिचा नवरा विद्याधर दर हिवाळ्यात इथे येत होता. सकाळी काठाने लांबवर चालायचा, मग तांडेलच्या होडीत बसून वल्हवायचा, पाणमांजरं दिसली की वहीत टिपून ठेवायचा. दर वर्षी तिला म्हणायचा, चल. दर वर्षी तिला काहीतरी काम असायचं.

या हिवाळ्यात ती एकटी आली होती. त्याचं वल्हं पुण्याला न्यायला.

"मी हे दिवाणखान्यात लावणार आहे. खिळेसुद्धा ठोकून झालेत."

"खिळे काढता येतात, बाय."

"मी नाही काढणार."

शेजारी दोन होडीवाले टोप्या काढून उभे होते. त्यांतला एक हळूच म्हणाला, "तांडेल, तुम्हाला तोंडावर नाही म्हणणारं हे पहिलंच माणूस."

"दुसरं," तांडेल म्हणाला. "पहिलं घरी आहे."

कुमुद हसली नाही.

"आजवर किती मोडलीत?"

"सतरा. त्यात एक माझ्या लेकाचं."

तिने हातातल्या वल्ह्याकडे पाहिलं. पण मागे सरली नाही.

"मोडल्यावर हलकं वाटलं?"

तांडेल वाकून होडीचा दोर सोडू लागला.

"नाही ना? मग मला कशाला सांगता?"

"मेलेल्याचं वल्हं राखलं तर नदी रागावते."

"रागावू दे. मीही रागावलेय."

तांडेलने तिच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच.

"बस होडीत."

"मी मोडू देणार नाही."

"मग धरून बस."

ती बसली. वल्हं मांडीवर आडवं. तांडेलने होडी लोटली, स्वतः उडी मारून आत आला आणि त्याने आपलं वल्हं उचलून काठावरच्या वाळूत फेकून दिलं.

ओहोटी लागली होती. होडी आपसूक खाडीच्या तोंडाकडे निघाली. तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटताना दिसत होत्या.

"तांडेल! हे काय?"

"काय ते तूच बघ. होडीत वल्हं एकच आहे."

तिने आयुष्यात कधी वल्हं मारलं नव्हतं. पहिल्या फटक्याला होडी जागच्या जागी फिरली. दुसऱ्याला अर्धी नदी तिच्या अंगावर आली. वल्हं विद्याधरच्या उंचीचं, तिला हातभर लांब.

तांडेल हाताची घडी घालून पलीकडच्या खडकाकडे बघत होता. तिथे तीन पाणमांजरं मासे फोडत बसली होती.

"मधली गाभण आहे," तो म्हणाला.

"मला सांगा, कसं मारायचं!"

"त्यालाही सांगितलं नव्हतं."

"मग तो शिकला कसा?"

"शिव्या देत."

तिनेही दिल्या. घरात कुणी कधी ऐकल्या नसतील अशा. आधी नदीला, मग तांडेलला, आणि मग, दात आवळून, विद्याधरला. "एकट्याने जायची एवढी घाई होती तर..." पुढचं वाक्य वल्ह्याबरोबर पाण्यात गेलं.

होडीचं तोंड वळलं.

खडकावरची पाणमांजरं मान वर करून बघत राहिली. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फटका, श्वास, फटका. होडी एक हात पुढे, दोन हात मागे, पुन्हा पुढे. काठावरचे दोघे ओरडून काहीतरी सांगत होते. तिला ऐकायचं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. होडीचा तळ वाळूला घासला तेव्हा तिला उभं राहता येईना. वल्हं मात्र तिने सोडलं नव्हतं.

"नाही देणार," ती धापा टाकत म्हणाली. "रीत तुमची असेल. नदीही तुमची असेल. मेलेल्या माणसाचं आहे, तरी नाही देणार."

तांडेल तिच्यासमोर उकिडवा बसला. वल्ह्यावर आवळलेली तिची बोटं त्याने एकेक करून सोडवली. वल्हं तिच्याच मांडीवर राहू दिलं आणि तिचा तळवा उलटा करून उजेडात धरला. कातडी निघाली होती. लाकडाला रक्त लागलं होतं.

"मेलेल्याचं वल्हं? मग हात कुणाचे सोललेत?" त्याने विचारलं.