डोलीची वाट

“मग माझं चुकलं कुठे, बाबा?”

ऋजुताचा आवाज चढला होता. चढणारच! पुण्याची नावाजलेली इंजिनियर ती. तिच्या कॉम्प्युटरने डोंगराच्या शेकडो वाटा तपासून एक निवडली होती. आणि माणसाच्या वजनाइतके दगड भरलेली डोली त्या वाटेने उतरवून बघणारे धनगरवाड्याचे चार गडी आज तिसऱ्यांदा पाय निसटून अर्ध्यातून परतले होते.

जुनी वाट पावसाळ्यात दरडीखाली गेली. तेव्हापासून माणसं दोर धरून उतरत. पण वाड्यावरच्या सरसूचे दिवस भरत आले होते. तिने दोराला कसं लोंबकळायचं? तिला डोलीतूनच खालच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

वाड्यावरचे म्हातारे धाकूबाबा तंबाखू मळत होते.

“सगळ्यांत जवळची वाट काढलीय मी. चढ मोजला, उतार मोजला. राहिलं काय?”

बाबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

उठले. तिच्या हातातलं जीपीएस घेतलं आणि गाभण म्हशीच्या गळ्यात बांधलं.

“अहो बाबा! यंत्र आहे ते, घंटा नव्हे!”

“असूं दे. खालच्या वढ्यावर पान्याला जाईल ती.”

“मग शेळी तरी सोडा! ती कडासुद्धा उतरते.”

“म्हनूनच नगं.”

दिवस मावळायला म्हैस डुलत परतली. पडद्यावर तिची रेघ उमटली होती. नागमोडी, ऋजुताच्या वाटेच्या तिप्पट.

“केवढा हा वळसा!”

“प्वाट सांबाळून चालती ती.”

ऋजुताने दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्या. बराच वेळ...

मग तिने आपली वाट पुसून टाकली आणि ती रेघ घेऊन गड्यांकडे धावली.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी सरसूला कळा सुटल्या. पुढे यंत्र धरून ऋजुता, मागे डोली, तिच्यामागे काठी टेकत धाकूबाबा. कुणाचा पाय निसटला नाही, डोली कुठे अडली नाही. दुपारच्या आत खालच्या दवाखान्यात पोरगी जन्मली. अशी काही टाहो फोडून रडली, की बाहेर गडी नाचायलाच लागले!

ऋजुताला हसू आवरेना, रडूही आवरेना.

“जिंकलो, बाबा! पण खरं सांगा... वाट तर म्हशीला ठाऊक होती.”

“ठावं हुती. सांगता येत नव्हती.”

“ती यंत्राने सांगितली.”

“व्हय.”

“मग मी काय केलं?”

धाकूबाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तू? पुढं हुतीस खरी, पोरी... पर म्हशीच्या मागनं चाललीस.”