माजघरातला फुलांचा थाळा

"फुलांत काय कमी पडलं, माई? तेवढं सांगा."

द्वारका मठीच्या दारात उभी होती. कडेवर वर्षाची लेक. डोक्यावर पाटी, पाटीत फुलांचा थाळा.

माई ओढ्याकाठच्या त्या मठीत एकट्याच राहत. दारात बसून तांदूळ निवडत होत्या.

"आधी खाली तर ठेव."

द्वारकेनं थाळा उतरवला. पितळी थाळ्यात ओली माती थापलेली. तिच्यात मधे निशिगंधाच्या काड्या, भोवती पांढरी शेवंती, कडेनं अबोली. एकही पाकळी वाकडी नव्हती.

"कुणासाठी?"

"सगुणाअक्कांसाठी. माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या बोलत नाहीत, माई. कृष्णी गेली तेव्हापासून. सहा वर्षांची लेक, तापात गेली. भाऊजी आधीच गेलेले. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. पूर्वी त्यांचं भांडं वाजलं तरी मला ऐकू यायचं. आता भांडंही वाजत नाही."

"म्हणून फुलं."

"हो. घरात जरा जीव येईल म्हणून असाच थाळा केला. माजघरात मधोमध ठेवून आले. सकाळी बघते तर फुलं उकिरड्यावर, आणि थाळा घासून माझ्या दारात. शब्द नाही."

"मग?"

"मग गुलाब घालून पुन्हा केला. तोही तसाच परत आला." द्वारकेचा आवाज चढला. "गावात कुणाचंही लग्न असू दे, मंडपातली फुलं माझ्याच हातची असतात. आजवर कुणी नाव ठेवलं नाही."

"ठाऊक आहे," माई म्हणाल्या. "मागच्या खेपेला तूच सांगितलंस."

लेकीनं शेवंतीकडं हात नेला. द्वारकेनं तो चटकन मागं ओढला.

"नको गं बाई, किडे असतात."

माई उठल्या. थाळा उचलून त्यांनी मठीत मधोमध ठेवला. स्वतः भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसल्या.

"तू समोरच्या भिंतीला बस."

द्वारका बसली.

मधे नुसती फुलं... बाहेर ओढ्याचं पाणी.

"त्या माजघरात याआधी मधोमध फुलं कधी मांडली होती?"

"दिवाळीला असेल..." द्वारका म्हणाली, आणि थांबली.

तिची नजर पांढऱ्या शेवंतीवर गेली.

"त्या दिवशी..." ती म्हणाली. "कृष्णीला तिथंच ठेवलं होतं."

"फुलं कुणी मांडली?"

"मीच. पांढरी शेवंतीच होती. सगळ्या म्हणाल्या, द्वारके, झोपल्यासारखी दिसते गं पोर."

ती उठली. थाळा ओढत ओढत तिनं कोपऱ्यात नेला, आणि कोपऱ्याकडं तोंड करून तशीच उभी राहिली.

"मी हे काय करून बसले, माई!"

"बस. पाणी पी."

ती पाणी प्यायली. माईंनी पुन्हा तांदळाचं सूप जवळ ओढलं.

"थाळा ठेवल्यावर अक्कांपाशी बसलीस का?"

"नाही. ही घरी एकटी झोपलेली असते."

"हिला नेत नाहीस?"

द्वारकेनं लेकीचं झबलं सारखं केलं. ते सारखंच होतं.

"तिकडं नाही नेत."

"का?"

"आई म्हणते, ज्या घरातलं लेकरू गेलं तिथं आपलं तान्हं नेऊ नये. मला ते पटत नाही, माई. पण जीव भितो. रात्री उठून हिच्या नाकापाशी बोट धरते मी. बोटाला श्वास जाणवला की मग आडवी होते."

माईंनी एक खडा वेचून बाहेर टाकला.

"हिचं रडणं पलीकडं ऐकू जात असेल."

"जातं की. ही रडली की अक्का उठून बसतात. त्यांची बाज करकरते." ती थांबली. "ही गप्प झाली की मग... काही नाही."

माईंनी सूप बाजूला ठेवलं. दोन्ही हात पुढं केले.

"दे."

द्वारका थाळा आणायला वळली.

"ते नव्हे."

द्वारकेनं लेकीला आणखी आवळलं.

माईंचे हात तसेच पुढं. ना जवळ आले, ना मागं गेले...

शेवटी तिनं लेक दिली.

लेक माईंच्या मांडीवर बसली. तोंडाकडं टकामका बघितलं, आणि गळ्यातली माळ धरून ओढली. माई हसल्या.

द्वारकेनं हात पदराखाली घेतले. पुन्हा बाहेर काढले. जमिनीवर टेकले.

"हात मोकळे असले की कुठं ठेवावेत तेच कळत नाही," ती म्हणाली.

"हं."

ऊन दारातून आत आलं होतं. लेक माळेचे मणी चोखत होती.

"मग अक्कांसाठी आता काय नेऊ, माई?"

माईंनी लेकीला उचलून तिच्याकडं दिलं.

"फुलं इथंच राहू देत. पोरीला ने. अक्कांच्या मांडीवर देऊन एकटी ये... दिवेलागणीला आणायला जा."