शेपट्यांचा अर्थ सांगणारा कावळा

खाडीकडे उतरणाऱ्या पायवाटेला लागून फणसांची एक वाडी होती आणि त्या वाडीतलं घर एक मांजर चालवीत असे. तसं घर येसूकाकीचं होतं. चूल तीच पेटवी, पाणी तीच भरी, मासळी तीच आणी. पण ही झाली किरकोळ कामं. चुलीजवळची ऊब कोणाची, पडवीतल्या बाकाची उन्हाची बाजू कोणाची, मासळी साफ होताना काकीच्या अगदी पुढ्यात कोणी बसायचं, हे महत्त्वाचं सगळं मांजर ठरवी. आणि ठरवून झालं की ते सगळं तिच्याच वाट्याला येई.

पण पोरांनो, असं एकहाती राज्य फार दिवस कोणाचंच टिकत नाही. त्या उन्हाळ्यात वानरांनी उच्छाद मांडला. काकी बरक्या फणसाचा रस काढायची, ताटांत पातळ पसरायची आणि फणसपोळ्या वाळायला अंगणात मांडायची. तिची पाठ वळली की वानरं ताटासकट पसार. शेवटी काकीचा भाऊ विश्राम खाडीपलीकडच्या गावाहून एक कुत्रा घेऊन आला. तांबूस रंगाचा, तरणाबांड, कान मोठे, पाय त्याहून मोठे, आणि पोच अजून यायची होती.

"बाय, याच्या नुसत्या आवाजाने वानरं डोंगर गाठतील बघ," विश्राम म्हणाला.

"गाठू देत. पण माझ्या मांजरीशी पटलं तरच ठेवीन हो," काकी म्हणाली. "रोजचा तमाशा मला चालायचा नाही. नाही पटलं तर पुढच्या बाजाराला येशील तेव्हा तुझं हे ध्यान परत ने."

काकीचं बोलणं मांजरीला कळे आणि कुत्र्यालाही कळे, कारण ती दोघांवर एकाच सुरात ओरडायची. मांजरीने डोळे मिटून घेतले. म्हणजे या मेल्याचं राहणं-जाणं आपल्या पंजात! बरं तर. बघू या कसा वागतो.

कुत्रा वागला तो असा. तिच्यासमोर आला आणि शेपूट हलवायला लागला, इतकी, की अंगणातला पाचोळा उडाला. मग त्याने पुढचे पाय जमिनीला टेकवले, मागचा भाग वर केला आणि तोंडभर म्हणाला, "भॉ!"

आता मांजरांच्या जातीत शेपूट आपटतात ती डोकं फिरलं की. आणि अंग खाली दाबतात ते झडप घालण्याआधी. मांजरीने पाठीची कमान केली.

कुंपणाच्या खांबावर एक कावळा बसला होता. तो लगबगीने पडवीच्या कठड्यावर आला. "समजलं नाही ना, बाईसाहेब? कसं समजेल? तुमच्यासारख्या घरंदाज बायकांना कुत्र्यांची बोली कुठून यायची! मी पडलो दहा घरचा. मला सगळ्यांच्या शेपट्या वाचता येतात."

"मग सांग, काय म्हणतोय?"

कावळ्याने मान तिरकी केली. त्याचा एक डोळा कुत्र्यावर होता आणि दुसरा पायरीजवळच्या दोन करवंट्यांवर. काकीने नुकताच त्यांत मासळीचा भात कालवून ठेवला होता, एकीत मांजरीचा, दुसरीत कुत्र्याचा.

"म्हणतोय, ही शेपूट नाही, चाबूक आहे चाबूक! याने फोडून काढीन आणि चुलीजवळ मी झोपेन."

"अस्सं?" मांजरीची शेपूट फणकाऱ्याने इकडून तिकडे आपटली.

कुत्र्याचे कान उभे राहिले. "कावळेदादा, तीही हलवतेय! खूश झाली ना?"

"खूश? अरे, आनंदाने वेडी झालीय बिचारी. म्हणते, ये रे माझ्या राजा, नाकाला नाक लाव."

कुत्रा नाक पुढे करून धावला. पुढे काय झालं ते त्याच्या नाकावर तीन लाल रेघांत लिहिलेलं होतं. तो केकाटला, ती फिस्कारली, फणसाला वळसे घालत दोघांची पळापळ सुरू झाली. कावळा शांतपणे खाली उतरला. आधी एक करवंटी साफ केली, मग दुसरी. अन्नाचा कण वाया घालवायचा नाही, अशी त्याची शिस्तच होती. मग चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसून तो पुन्हा खांबावर जाऊन बसला, एखाद्या पंचासारखा.

हे असं रोज. कुत्र्याने तिच्यापुढे आपलं आवडतं हाडूक आणून ठेवलं, तर कावळा म्हणाला, "धमकी आहे, बाईसाहेब. म्हणतोय, तुझी हाडं अशी करीन." मांजरीने त्याच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटले, म्हणजे तिच्या रीतीने 'ठीक आहे, बस तिकडे' एवढं म्हटलं, तर कावळ्याने कुत्र्याला सांगितलं, "तुझं तोंडसुद्धा बघवत नाही म्हणते." आणि दोघंही शहाणी इतकी, की एवढं नीट समजावून सांगतो म्हणून आपल्या वाट्यातलं माशाचं डोकं वर त्या कावळ्यालाच देत! उपाशी पोटी राहायचं आणि भांडण लावणाऱ्याला बक्षीस द्यायचं, ही हुशारी फक्त मांजरा-कुत्र्यांतच असते असं समजू नका.

बाजाराच्या आदल्या दिवशी मात्र कडेलोट झाला. पळापळीत दोघं वाळत घातलेल्या फणसपोळ्यांवरून गेली. एका ताटात मांजरीची नाजूक पावलं, दुसऱ्यात कुत्र्याची फताडी, आणि तिसरं ताट थेट शेणाच्या गाऱ्यात.

काकी झाडू घेऊन बाहेर आली. "वानरं परवडली रे तुमच्यापेक्षा! ती निदान खातात तरी! बस्स झालं. उद्या विश्राम आला की त्याच्या हातात दोरी देते. जा तुझ्या गावाला!"

कुत्रा तुळशीमागे जाऊन बसला. मांजर चुलीजवळ गेली, अंग चाटलं, शेपटी पायांभोवती गुंडाळून घेतली. जिंकली होती ती. उद्यापासून सगळं पहिल्यासारखं. तरी पोटात गुडगुडत होतं, कारण जिंकलेलीच्या करवंटीतही आज शीत उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने एक मोठा फणस फोडला. फणस फोडला की पांढरा चीक पाझरतो, आणि तो हाताला लागला तर सुटता सुटत नाही. म्हणून काकी तो काठीच्या टोकाला गुंडाळून काढायची. असा पांढराशुभ्र गोळा झालेली काठी तिने पडवीच्या कठड्याला टेकवून ठेवली, दोन्ही करवंट्यांत भात घातला आणि ती आत गेली.

कावळ्याने तो गोळा पाहिला. 'लोणी!' त्याच्या मनात आलं. करवंट्या काय, नंतरही आहेतच. त्याने चोच पूर्ण उघडली आणि गोळ्यात अशी खुपसली की डोळ्यांपर्यंत बुडाली. ओढून काढली तेव्हा चोच मिटलेली होती. मग तो उघडायला गेला. उघडेना.

"म्म्म," कावळा म्हणाला.

इकडे कुत्रा तुळशीमागून उठून आला होता. आज जायचं हे त्याला ठाऊक होतं. तरी मांजर दिसताच त्याची शेपूट हलायला लागली.

"काय म्हणतोय रे?" मांजरीने विचारलं.

"म्म्म."

"नीट सांग की!"

"म्म्म्म!" कावळा कठड्यावर चोच घासत नाचू लागला.

आता सांगणारा कोणी नाही म्हटल्यावर मांजरीवर प्रसंगच आला, स्वतः बघण्याचा. इतक्या दिवसांत तिने कुत्र्याकडे असं पाहिलंच नव्हतं. पाहायची ती कावळ्याकडे. तिने नीट निरखलं. शेपूट हलतेय खरी, पण पाठीवरचा केस एक उभा नाही. दात दिसत नाहीत. कान मागे पडलेत, डोळे पाणीदार. 'मारायला निघालेला कोणी असा दिसतो होय?' तिला वाटलं. खात्री करावी म्हणून ती सरळ त्याच्या करवंटीकडे गेली आणि त्याच्या भातातला माशाचा तुकडा उचलला. कुत्रा गुरगुरला नाही. उलट बाजूला सरकला, 'घे की' म्हणावं तसा, आणि शेपूट दुप्पट हलली.

आनंदाच्या भरात तो पुढे आला. मांजरीची शेपूट आपटली. कुत्रा थबकला. कावळ्याकडे पाहिलं, तर तिकडून फक्त "म्म्म." मग तो आपलंच डोकं चालवून एक पाऊल मागे गेला. शेपूट थांबली. पुन्हा पुढे आला. आपटली. मागे गेला. थांबली. कुत्र्याने जमिनीवर बसकण मारली आणि त्याच्या तांबड्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मग त्यांचं बोलणं झालं, कानांनी, डोळ्यांनी, शेपट्यांनी. आपल्या भाषेत ते असं काहीसं होतं.

"ताई, तुझी शेपूट हलली म्हणजे 'पुरे' का गं?"

"मग काय 'या बसा'?"

"आमच्यात 'या बसा' असतं! म्हणजे मी इतके दिवस नाकावर ओरखडे खाल्ले ते..."

"मी द्यायला आले नव्हते. तू स्वतः चालत येऊन घेतलेस."

"कावळेदादा म्हणाला, तू बोलावतेस."

मांजरीने सावकाश मान वळवली. "आणि मला म्हणाला, तू मला चाबकाने मारणार."

"मी? तुला? अगं, मी तुला घाबरतो!"

हे ऐकून मांजरीला इतकं बरं वाटलं की तिने माशाचा तुकडा त्याच्या करवंटीत परत ठेवला. मग दोघांनी आपापल्या करवंट्यांत तोंड घातलं. किती दिवसांनी पोटभर जेवली ती! करवंट्या चाटूनपुसून चकचकीत झाल्या. वर कठड्यावर उपाशी कावळा हे सगळं बघत होता.

आणि नेमका तेव्हाच विश्राम आला.

काकीने दोरी काढली. बोलली तसं करणारी बाई ती. विश्रामने ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि म्हणाला, "चल बाबा, तुझं अन्नपाणी संपलं इथलं." कुत्रा चालू लागला. चार पावलं गेला आणि त्याने मागे वळून मांजरीकडे पाहिलं. त्याची शेपूट हलत नव्हती. ती पायांत दडली होती, जमिनीला टेकली होती.

या शेपटीचा अर्थ मांजरीला कोणी सांगायची गरज पडली नाही.

पण करायचं काय? ती पडली मानी. कुत्र्याच्या अंगाला अंग लावायचं, तेही काकीदेखत, विश्रामदेखत, कोंबड्यादेखत? तिच्या कुळात असं कोणी केलं नव्हतं. दोरी ताणली गेली. कुत्रा बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकापाशी पोचला. आणि मांजर बाकावरून उतरली, शेपूट झेंड्यासारखी ताठ उभी करून, सगळं अंगण ओलांडून गेली. घाई केली नाही. घाई करणं तिला शोभलं नसतं. कुत्र्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे जाऊन ती बसली आणि तिने त्याचं ओरखडलेलं नाक चाटायला घेतलं. नीट, रेघेरेघेवरून.

कुत्रा हललाच नाही. शेपूट सोडून. ती अशी सुटली की विश्रामच्या पोटऱ्यांवर फटके बसायला लागले.

"अगो बाई!" काकीने पदर तोंडाला लावला. "हिला काय झालं आज?"

"बाय, मी दोरी धरू की सोडू? एकदाच काय ते सांग. माझे पाय सोलतायत."

"सोड, मेल्या, सोड! बघतोस काय? आणि आत ये, चहा घे." मग तिने कंबरेवर हात ठेवून दोघांना बजावलं, "पण माझ्या ताटांवरून पुन्हा पाय पडला, तर दोघांनाही एकाच दोरीला बांधून धाडीन!"

दोरी सुटताच कुत्र्याने अंगणाला एक सुसाट फेरी मारली, ताटं चुकवून बरं का, आणि बाकाखाली येऊन आडवा झाला. मांजर बाकावर बसली, तिच्या उन्हाच्या बाजूला. ती तिने सोडली नाही, आणि त्यानेही मागितली नाही. दुपारी वानरं आली तेव्हा मांजरीने वरून पाहिलं आणि शेपूट एकदाच आपटली. एवढ्यावरून खालचा बरोबर समजला. वानरांनी त्या दिवशी डोंगर गाठला तो मागे न बघता.

चहा झाल्यावर काकीला कठड्यावरचा कावळा दिसला. "हा का असा मुका?" म्हणत तिने त्याला धरलं आणि खोबरेल चोळून चोळून त्याची चोच सोडवली. चोच सुटल्याबरोबर कावळ्याने घसा साफ केला.

"पाहिलंत?" तो बाकाकडे बघून म्हणाला. "मी मुद्दाम गप्प बसलो, म्हणून तुमचं जमलं! एवढं केलं तुमच्यासाठी. आता माझं माशाचं डोकं?"

बाकावर एक शेपूट आपटली. बाकाखालची शेपूट हलायची थांबून काठीसारखी ताठ झाली.

शेपट्यांचा खरा अर्थ कावळ्याला पहिल्यापासून उत्तम येत होता. तो तत्काळ उडाला.

तात्पर्य : ज्याच्यासोबत एका छपराखाली राहायचं, त्याच्या मनातलं तिसऱ्याला विचारू नये, आपले डोळे उघडून त्याच्याकडेच बघावं. तिसरा अर्थ सांगेल, पण आपल्या पोटाच्या सोयीने.