अभय दिलेली पाखरे

फार पूर्वी पुष्यसेन राजा शालवती नगरीवर राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते.

एकदा एका व्यापाऱ्याने दूरच्या बेटावरून लाल चोचीची चाळीस पाखरे पिंजऱ्यांत घालून आणली. पौर्णिमेचा उपवास होता. पुण्य लागावे म्हणून अमात्यांनी ती सारी विकत घेतली आणि स्वतःच्या हाताने पिंजरे उघडले. लोकांनी जयजयकार केला. राजाने त्या पाखरांना अभय दिले : जो त्यांना मारील, त्याचा उजवा हात तोडला जाईल.

सात वर्षांत पाखरांचे थवेच्या थवे झाले. ढोलीतून साळुंक्यांची पिल्ले बाहेर फेकून ती तिथे राहू लागली. साळीचा दाणा दुधात आला की सारे शिवार शोषून घेत. लोक नुसते डबे बडवीत. मग पाखरे त्या आवाजालाही भिईनाशी झाली. गावे कंदमुळांवर आली.

एके दिवशी मालुका नावाच्या म्हाताऱ्या राखणदारणीने गोफणीने एक पाखरू मारले. तिला दरबारात आणले.

"म्हातारे, अभय ठाऊक नव्हतं तुला?" राजाने विचारले.

"होतं की, महाराज. पाखरांनाही ठाऊक आहे, म्हणून तर उडत नाहीत मेली! माझ्या नातीला मात्र कुणी अभय दिलं नाही. गेल्या अमावास्येला उपाशी गेली ती. तोडा हात. पेरायला दाणा कुठं उरलाय?"

बोधिसत्त्व उठले. "महाराज, पिंजरे मी उघडले. शिक्षा मला द्या."

"अमात्य, ते तर आपलं पुण्य!" दरबारी म्हणाले.

"त्या पुण्याची कीर्ती जाईल म्हणूनच मी गप्प बसलो. शिवारं ओस पडताना दिसत होती मला."

"मी दिलेला शब्द मागे घेता येत नाही," राजा खाली मान घालून म्हणाला.

"मग तो माझ्यावर पुरा करा, आणि अभय आजच संपवा."

अमात्यांचा हात तोडला गेला. मालुका सुटली. अभय संपले, पण पाखरे संपली नाहीत. बोधिसत्त्व उरलेले आयुष्य शिवारातल्या माळ्यावर बसून ती हाकीत राहिले. काही शेते वाचली, बरीच वाचली नाहीत.

ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. मालुका म्हणजे आज सकाळी तुमच्या पात्रात मूठभर कण्या घालणारी म्हातारी. आणि तो अमात्य मीच. आपल्या हातून चुकले हे बोलून दाखवणे, ही सत्यपारमिता. त्या जन्मी मला ती साधली, पण सात वर्षे उशिरा."