खंडेनवमीचा ठोका

एका आडगावात सयाजी नावाचा लोहार राहत होता. त्याची भट्टी गावाच्या टोकाला, कुंभाराच्या घराला भिंत लागून होती. लोहाराचं काम एकट्याचं नसतं. सयाजी सांडशीत तापलेलं लोखंड धरी, लहान हातोडीनं ‘इथं’ म्हणून हलका ठोका देई आणि त्याची बायको हौसा नेमका तिथंच घण घाली. टिक, धप्प. टिक, धप्प. दिवसभर दोघं फारसं बोलत नसत. बोलायची गरजच पडत नसे.

हौसा वारली आणि नुसती टिक उरली. नांगराचे फाळ बंद झाले, विळे-खुरप्यांवर भागू लागलं. दिवस कसाबसा सरे, पण संध्याकाळ खायला उठे. घर इतकं सुनं, की भाकरी चावल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटे.

मग सयाजी बंधाऱ्यावर जाऊन बसू लागला. तिथं कोंडिबा आणि त्याचे सोबती रोज पीत असत. कुणी हटकलं, की सयाजी म्हणे, “म्या दारूला न्हाई जात, मानसांत बसाय जातो.” माणसं आणि दारू एका पंगतीला बसली, की आधी दारूच वाढली जाते, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

एके दिवशी त्याची छाती फडफडू लागली. ठोके कधी एकावर एक पडत, कधी मधलाच एखादा गळून जाई. डोळ्यांपुढे अंधारी आली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, “बाबा, तुमच्या काळजाचा ताल बिघडलाय. गोळ्यांनी तो सांभाळता येईल. पण दारू पोटात गेली, की काळीज उधळेल. इतरांना थोडी, जास्त असं म्हणता येतं. तुम्हाला थेंबही नाही.”

सयाजीनं दारू सोडली. रिकाम्या हातानं बंधाऱ्यावर गेला, तर कोंडिबा म्हणाला, “कोरडा बसून आमची तोंडं काय बघतोस?” सगळे हसले. पुढच्या खेपेला त्याला बसायला कुणी जागा करून दिली नाही. तो घरी परतला, तो घरचाच झाला. संध्याकाळी काम नसताना तो ऐरणीवर एकदा हातोडी वाजवी. टिक. मग उगाच जरा वेळ वाट बघे. बिचाऱ्याला उत्तर कोण देणार!

छाती मात्र शांत झाली. इतकी, की त्याला वाटलं, दुखणं गेलंच. गरज सरो, वैद्य मरो!

खंडेनवमी आली. त्या दिवशी त्या गावचा लोहार ऐरण, घण, हातोडी धुऊन मांडी, झेंडू वाही, दारूची धार धरी. हत्यारांना त्या दिवशी विसावा. हातोडी उचलायची नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पूजेला कोंडिबा आणि मंडळी बाटली घेऊन आली. धार झाली, उरलेली पेल्यांत आली. सयाजीनं हात मागं घेतला.

“मला दारू नगं म्हणल्यात डाक्तरीणबाई.”

“दारू नगं म्हणल्यात न्हवं? ह्यो तर परसाद हाय,” कोंडिबा म्हणाला. “परसादाला कुणी दारू म्हणतं व्हय?”

हौसा गेल्यापासून त्या घरात इतकी माणसं बसली नव्हती. नाही म्हटलं तर उठून जातील, हीच सयाजीला भीती. त्यानं पेला कपाळाला लावला आणि पिऊन टाकला. मग दुसरा.

काळजाला परसाद कळत नाही. दिवेलागणीला ते उधळलं. “छातीत...” एवढंच बोलून सयाजी ऐरणीपाशी कोसळला.

“चढली गड्याला!” कोंडिबा हसला. “लई दिसांनी घेतली. निजू द्या.” मंडळींनी त्याच्या अंगावर वाकळ घातली, दार ओढलं आणि ती निघून गेली. हे त्यांनी मायेनंच केलं, याचंच वाईट वाटतं.

सयाजीच्या तोंडून हाक फुटेना. हाताशी फुलांत हातोडी होती. आज ती उचलायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ती ओढली. टिक. जरा वेळानं पुन्हा, टिक.

भिंतीपलीकडे म्हातारी गोदाबाई कुंभारीण एकटीच राहत असे. तिनं हातातली फुंकणी खाली ठेवली. खंडेनवमीला लोहाराची हातोडी वाजते? ती धावत आली, पाहिलं आणि बोंब ठोकून आळी गोळा केली. गाडीत घालून सयाजीला दवाखान्यात पोचवलं. जीव वाचला. अर्धांगाच्या झटक्यानं डाव्या हातातली ताकद मात्र गेली, त्याला सांडशी पुन्हा पेलली नाही.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, “गोदाक्का, येवढीशी टिक तुला ऐकू आली?”

“रोजच येती की. सांजची तुजी टिक वाजली, की मी चुलीम्होरं बसते. मला तरी दुसरं कोन हाय?”

सयाजीला रडू कोसळलं. “अगं, मंग भिंतीवर एक थाप तरी मारायची!”

“आन्‌ तू कदी हाक मारलीस?”

त्या संध्याकाळी सयाजीनं उजव्या हातानं ऐरणीवर ठोका दिला. टिक. भिंतीपलीकडून गोदाबाईची मडकी घडवायची थापी वाजली. धप्प.

तात्पर्य: दारूला परसाद म्हटल्यानं काळीज फसत नाही, आणि सोबत हवी असेल तर पेला पुढं करू नये, शेजारी हाक मारावी.