तुळसाच्या ओटीवरचं रान

फार वर्षांपूर्वी, घाट चढायला धड पायवाटही नव्हती, तेव्हाची ही हकीकत. कड्याखालच्या कुंभळवाडीत धाऊ नावाचा मध काढणारा राहायचा. त्याची बायको तुळसा. दोघं रानात जायची ती जोडीनंच. एकदा शेवाळावरून तुळसाचा पाय निसटला आणि ती कड्यावरून खाली आली. जीव वाचला, पण पाय कायमचे गेले. मग ती ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. जेवेना, बोलेना.

धाऊ तिच्या उशाशी बसला. "तुळसे, काय आनू तुला?"

"रान आना," ती म्हणाली.

धाऊ कड्यावर गेला. तिथं कातळाच्या भेगांत उंबर, पायर, नांद्रुक अशी झाडं उगवतात. माती चिमूटभर आणि वारा झोडपणारा, म्हणून ती वीतभरच राहतात. खोड मात्र म्हाताऱ्याच्या मनगटासारखं. कातळ भिजेपर्यंत धाऊ थांबला. मग बांबूच्या काडीनं मुळं सोडवून, ओल्या शेवाळात गुंडाळून त्यानं एक झाड आणलं आणि मातीच्या पसरट परळात लावून तिच्यापुढे ठेवलं.

ते वाळलं. दुसरंही वाळलं. तेव्हा तुळसा कुशीवर वळली.

"मुळं तोडलीत अन् पानं तशीच ठेवलीत. एवढी तोंडं कशी पोसायची त्यानं? आना इकडं."

पुढचं झाड तिनं मांडीवर घेऊन जगवलं. असं म्हणतात, ती बोटांनी थेंब थेंब पाणी पाजायची आणि झाडं तिच्या हाताकडे झुकायची. हळूहळू ओटी भरली. वीतभर उंबराला उंबरं लगडली, बुलबुल येऊन बसू लागले. तुळसा पुन्हा हसायला लागली.

मग वणव्याचा उन्हाळा आला. डोंगर जळला, डोंगरावरची देवराई जळली, तिथला झरा आटला. गावातले जाणते तिच्या अंगणात येऊन बसले, पण मागायला कुणाची जीभ रेटेना.

तुळसाच म्हणाली, "न्या ही झाडं."

"अगं, तुझं रान जाईल," धाऊ म्हणाला.

"जाऊ द्या. मला पाठीवर घ्या. माझ्या हातानं लावते."

पावसाला तोंड फुटल्यावर धाऊनं तिला पाठुंगळी घेतलं. मागून सारा गाव डोक्यावर परळं घेऊन जळक्या देवराईकडे निघाला. तुळसानं एकेका झाडाची मुळं सैल केली, जमिनीत ठेवली. "वाढा आता पोटभर," एवढंच म्हणाली आणि रडली.

असं म्हणतात, जन्मभर वीतभर राहिलेली ती झाडं त्याच पावसात घराएवढी झाली. धनेश पक्षी परतले. झऱ्याला पाणी फुटलं. पुढं धाऊची पाठ वाकली, तरी तो तिला घेऊन वर जायचाच. आणि म्हणतात, देवराईच्या वेशीवर फांद्या खाली येऊन तिला अलगद उचलून घ्यायच्या, म्हाताऱ्याला नुसतं चालावं लागायचं.

अजूनही कुंभळवाडीत कुणी अंथरूण धरलं, की घरचे कड्यावरून एक लहानगं झाड आणतात, परळात लावून आजाऱ्याच्या हाताशी ठेवतात. त्याला तुळसाचं झाड म्हणतात. पाणी आजाऱ्यानंच घालायचं. माणूस बरा झाला, की स्वतः जाऊन ते देवराईत लावतो. नाही झाला, तर त्याच्या घरचं कुणीतरी ते पाठीवर बांधून, हिसका बसू न देता, सावकाश डोंगर चढतं.